कुंपणातल्या वाटेला बक्षीस

बक्षीस मिळालं ते कुंपणातल्या भोकाला, आणि जाहीर झालं तेव्हा भोक बुजून नऊ महिने झाले होते. दुसऱ्या कोणाचं भोक असतं तर वत्फा पोट धरून हसली असती. पण हे तिचं होतं. तेवीस वर्षं ती त्यातून वाकून आत गेली होती आणि वाकून बाहेर आली होती. सत्त्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात तिला वाकलेलं पाहिलं असेल तर ते त्या तारेने आणि कुंपणापलीकडच्या गेऊलाच्या कोंबड्यांनी.

पत्र घेऊन सौसन स्वतः आली. नाझरेथची अरब मुलगी, पॅन्ट घालणारी, बोलायला गोड. तिने आणि एलाद नावाच्या एका ज्यू पत्रकाराने मिळून वत्फावर आणि गेऊलावर लेख लिहिला होता. लेख एकच, पण दोन भाषांत आणि दोन वर्तमानपत्रांत आलेला. अरब आणि इस्रायली लोकांनी एकमेकांना समजून घ्यावं म्हणून जे लिहितात त्यांना दर वर्षी एक बक्षीस देतात म्हणे, ते यंदा त्या दोघांना मिळालं होतं. जेरुसलेमच्या मोठ्या हॉटेलात समारंभ होता, आणि ज्यांच्यावर लिहिलं त्या दोन्ही बायकांनी यावं अशी सगळ्यांची फार इच्छा होती.

वत्फाने पत्र हातात घेतलं. अक्षरं तिला ओळखू येत, पण त्यांची ओळ जुळवायला वेळ लागे, आणि परक्या माणसासमोर ती असला वेळ घेत नसे. तिने घडी घालून ते उशाखाली सरकवलं.

"बक्षीस देणाऱ्यांना कोणी सांगितलं का, की ती वाट आता राहिली नाही?" तिने विचारलं.

सौसन चटईकडे बघत राहिली. "लेख गेल्या वर्षीचा आहे ना मावशी. गेल्या वर्षी होती."

"मग गेल्या वर्षीच्या मलाच बोलवा. तिचे गुडघे माझ्यापेक्षा बरे होते."

गोष्ट अशी होती. बीर अल-लौज या गावात वत्फा जन्मली, आणि सात वर्षांची असताना, लढाईच्या साली, सगळं गाव एका सकाळी उठून चालू लागलं, ते परत आलंच नाही. त्याच्या दोन महिने आधी तिची आई फिद्दा बाळंतपणात गेली होती. कबरीवरची माती खाली बसायच्या आत गाव गेलं. पुढे त्या जमिनीवर ज्यूंची वाडी उठली, यमनमधून आणलेल्या लोकांची. कोंबड्या पाळायचे, म्हणून वत्फाच्या आताच्या गावात, ऐन तूतमध्ये, सगळे तिला कोंबड्यांची वाडी म्हणत. दोन गावांत चार किलोमीटरचं अंतर. वाडीभोवती तारेचं कुंपण होतं, आणि कबरस्तानातलं जे काही उरलं होतं, आठ-दहा दगड आणि एक बदामाचं झाड, ते बरोब्बर गेऊलाच्या कोंबड्यांच्या शेडमागे.

नवरा वारला त्या वर्षी वत्फा पहिल्यांदा तिथे गेली. तारेला शेडमागे एक भोक होतं, कोल्ह्याने पाडलेलं. ती त्यातून आत शिरली, आईचा दगड शोधला आणि शेजारी बसली. बसते न बसते तोच शेडच्या कोपऱ्यावरून खराटा घेऊन एक ठेंगणी, काळीसावळी बाई आली आणि अरबीतच म्हणाली, "काय चोरायला आलीस?"

"चोरायला?" वत्फा म्हणाली. "तुझी कोंबडी माझ्या आईच्या छातीवर हगतेय, ते आधी बघ."

बाईने खराटा खाली टेकवला. दगडाकडे पाहिलं, वत्फाकडे पाहिलं. मग कोंबडीला हुसकावलं. ही गेऊला. तिची अरबी यमनची होती, अर्धी वत्फाला कळायची आणि उरलेली कळायची गरज नसायची. ती म्हणाली की या दगडांवर आपण कधी खत पडू दिलं नाही. कबर कशी दिसते ते आपल्याला कोणी शिकवायला नको, आपलेही आईबाप तिकडे यमनमध्ये साना शहराच्या बाहेर तसेच पडलेत आणि त्यांच्याकडे जायला कुंपणात भोकसुद्धा नाही.

तेव्हापासून ईदच्या सकाळी, आणि वसंतात मेलेल्यांच्या गुरुवारी, वत्फा त्या भोकातून जायची. मेलेल्यांच्या गुरुवारी कांद्याच्या सालींत उकळून रंगवलेली अंडी कबरीपाशी न्यायची आणि जो भेटेल त्याच्या हातावर ठेवायची असा रिवाज. ऐन तूतमध्ये आता तरुण सुना असलं काही करत नाहीत, त्यांना ते मागासलेपण वाटतं. वत्फा करायची. अंडी गेऊलाच्याच शेडमधली. आदल्या दिवशी गेऊला तारेपाशी बारा अंडी ठेवायची, वत्फा ती रंगवून आणायची, त्यातली चार गेऊलाला द्यायची. गेऊला दर वर्षी म्हणायची, माझीच अंडी मला देऊन पुण्य कमावतेस. वत्फा दर वर्षी म्हणायची, जमीन कोणाची ते बोलायला लावू नकोस. मग दोघी बदामाखाली बसून सुनांना नावं ठेवायच्या. बस्स, एवढंच होतं. मैत्री वगैरे शब्द त्या दोघींनी कधी काढला नाही. तो लेखात आला.

लेख आला त्याला कारण कॉफीचा पेला.

सौसनला ही गोष्ट कोणाच्या तरी सुतकात बायकांच्या बोलण्यातून कळली, आणि गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये ती एलादला घेऊन ऐन तूतला आली. वत्फाने दोघांना मोठ्या खोलीत बसवलं. सुनेने कॉफी आणली. सौसनने दोन घोटांत आपली संपवली आणि आणखी मागितली. एलादने पेला हातात घेतला, समोरच्या तिवईवर ठेवला आणि ताठ बसून राहिला. कॉफी थंड झाली तरी त्याने तिला हात लावला नाही.

वत्फाने तो भरलेला पेला पाहिला. आमच्यात मागणं घेऊन आलेला माणूस कॉफी पीत नाही. समोर ठेवून थांबतो. घरधनी म्हणतो, पी, तुझं काम झालं, मग तो पेला उचलतो. घरधनी नाही म्हणाला तर पेला तसाच भरलेला सोडून निघून जातो, आणि ती लाज घराच्या दाराशी वर्षानुवर्षं बसून राहते. याच खोलीत मुली मागायला आलेल्यांचे आणि खुनाची तडजोड करायला आलेल्यांचे किती पेले असे थंड झाले होते. रीत अशी की आधी मागणं ऐकायचं आणि मग शब्द द्यायचा. पण वत्फाचा नवरा ऐकून घेतच नसे. समोरच्याला तोंड उघडायची लाज पडू नये म्हणून तो आधीच म्हणायचा, पी, दिलं. आजूबाजूच्या सात गावांत त्याचं नाव होतं ते यावर.

आणि आता हा ज्यूचा मुलगा, निळा सदरा घातलेला, आमची रीत शिकून आला होता. आमची नाझरेथची पोर मात्र कॉफी ढोसून बसली होती. वत्फा नवऱ्याच्या जागेवर जरा सरसावून बसली.

"पी बाळा," ती म्हणाली. "दिलं."

एलादने सौसनकडे बघितलं. सौसनने हिब्रूत काहीतरी सांगितलं. एलादचा चेहरा उजळला, त्याने पेला उचलून ओठांना लावला. मग कळलं काय मागत होते ते. गोष्ट लिहायची होती. वाडीचं नाव घालून, दोघींची नावं घालून, आणि येत्या गुरुवारी ती भोकातून आत जाताना आणि कबरीपाशी अंडी मांडताना फोटो काढून.

वत्फाचा थोरला मुलगा झुहैर दारात उभा होता. बस चालवतो, पन्नाशी उलटलेला, पण आईसमोर अजून दारातच उभा राहणारा. तो म्हणाला, आई, नाव नको, जागा तर मुळीच नको, ती वाट कोणाला माहीत नाही म्हणूनच आहे. वत्फालाही तेच वाटत होतं. अगदी तेच. पण शब्द गेला होता. तिने मुलाला सांगितलं की तुझ्या बापाच्या खोलीत शब्द परत घ्यायची सोय नाही.

गुरुवारी फोटो निघाले. गेऊला आधी कुरकुरली, मग नवा रुमाल बांधून आली. मे महिन्यात लेख छापून आला. सगळ्यांना फार आवडला. परदेशातून पत्रं आली. जूनमध्ये वाडीच्या समितीची सभा भरली.

सभेत काय झालं ते गेऊलाने फोनवर सांगितलं. एकजण म्हणाला की आज कबरीसाठी येतात, उद्या घरासाठी येतील. दुसरा म्हणाला की म्हातारी येऊ शकते तर तिचा नातूही येऊ शकतो. तिसऱ्याने वर्तमानपत्र उघडून भोकाचा फोटो सगळ्यांना दाखवला. गेऊलाचा मुलगा अमराम समितीत होता. भोक बुजवायच्या बाजूने त्यानेही हात वर केला. चार दिवसांत सिमेंटचे खांब आले, जाळी आली, दुहेरी, मध्ये माणूसभर अंतर सोडून. जाळी इतकी बारीक की बोट जाईना.

"तुझ्या तोंडाला कुलूप नव्हतं?" गेऊला फोनवर म्हणाली होती.

"तुझा रुमाल नवा होता," वत्फा म्हणाली. त्यानंतर कितीतरी दिवस दोघी बोलल्या नव्हत्या.

इकडे ऐन तूतमध्येही काही कमी झालं नाही. मशिदीच्या इमामाच्या बायकोने लग्नात तिच्याशेजारी बसायचं टाळलं. बापाच्या जमिनीवर बसलेल्या बाईबरोबर हसत फोटो काढते, असं कोणीतरी पाण्याच्या टाकीवर लिहिलंही होतं. ते वत्फाने पूर्ण जुळवून वाचलं. वेळ लागला, पण वाचलं. नंतर दोन ईद गेल्या. दोन्ही सकाळी ती अंगणात खुर्ची टाकून वाडीच्या दिशेला तोंड करून बसली, आणि कोणी विचारलं तर ऊन खातेय म्हणाली.

म्हणून सौसन पत्र घेऊन आली तेव्हा वत्फाने सरळ नाही म्हणून टाकलं. सौसन उठली, दारापर्यंत गेली, आणि जाता जाता म्हणाली की त्या भागाच्या मंडळाचा अध्यक्षही येणार आहे, कारण वाडी त्याच्या हद्दीतली, आणि बक्षिसात त्यालाही मान.

"तो कुंपण उघडायला सांगू शकतो?"

सौसन परत वळली. "दार बसवायचा हुकूम देऊ शकतो, मावशी. मनात आणलं तर."

वत्फाने उशाखालचं पत्र काढून झुहैरकडे दिलं आणि कुठल्या दिवशी जायचं ते बघायला सांगितलं. मेलेल्यांचा गुरुवार त्या समारंभानंतर तीन आठवड्यांनी होता.

झुहैरने रजा टाकली. ती तीन दिवस तयारी करत होती, कपड्यांची नव्हे, मनाची. मागणं घेऊन जायचं ते पुरुषांनी, पाच-सात पांढऱ्या दाढ्या पुढे घालून. पण तिच्याकडच्या पांढऱ्या दाढ्या एक तर जमिनीखाली होत्या किंवा टीव्हीसमोर. ती म्हणाली, मी एकटी पुरेशी आहे, तू गाडी चालव. लाल भरतकामाचा काळा झगा तिने काढला, जो तिने धाकट्याच्या लग्नानंतर घातला नव्हता. वाटेत झुहैरने दोनदा विचारलं की तिथे नक्की काय बोलणार आहेस. तिने सांगितलं, काही बोलणार नाही. बोलायची गरज नसते.

हॉटेलातला हॉल इतका गार होता की मटण टांगून ठेवावं. टेबलांवर पांढऱ्या चादरी. त्यांना पुढच्या टेबलाशी बसवलं, आणि तिथे गेऊला आधीच बसलेली होती, तोच रुमाल बांधून, शेजारी अमराम. नऊ महिन्यांत ती आणखी आखडली होती. वत्फा तिच्या बाजूची खुर्ची ओढून बसली.

"जाड झालीस," गेऊला म्हणाली.

"तू वाळलीस. कोंबड्यांनी खाल्लं का तुला?"

गेऊलाने सांगितलं की कोंबड्या विकल्या. अमराम शेड पाडणार आहे आणि सणानंतर तिला नेतान्या शहरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये नेणार आहे, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे म्हणतात. ती हे असं सांगत होती जशी शेजारच्या बाईची बातमी. अमराम मोबाइलकडे बघत होता. वत्फाला त्याला काहीतरी बोलायचं होतं, तिच्याकडे शब्द तयार होते, पण आज ती मागायला आली होती आणि मागणाऱ्याने जीभ घरी ठेवायची असते.

भाषणं झाली. पांढऱ्या केसांच्या एका परदेशी बाईने इंग्रजीत सांगितलं, तिचं दुसऱ्याने हिब्रूत सांगितलं, त्याचं सौसनने अरबीत सांगितलं, आणि तिन्ही वेळा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे पडद्यावर फोटो होता. वत्फा वाकलेली, अर्धी आत, अर्धी बाहेर, झगा तारेत अडकलेला, आणि पलीकडून गेऊलाचा हात. एवढा मोठा. दोनशे माणसं तिचं वाकणं बघत होती. सौसन आणि एलादला काचेचा एक पक्षी मिळाला, पंख पसरलेला. वत्फाच्या मनात आलं, ना हा आरवणार, ना अंडं घालणार.

मग अध्यक्ष बोलला. उंच, हसरा माणूस. त्याने त्या कुंपणातल्या वाटेची खूप स्तुती केली. अशा वाटा आपल्या सगळ्यांच्या मनात पडाव्यात, असं म्हणाला. कुंपणाचं काय झालं ते त्याने सांगितलं नाही. त्याला माहीत नव्हतं असं नव्हे, खांबांना पैसे त्याच्याच मंडळाने दिले होते.

जेवण झालं आणि कॉफी आली. अध्यक्ष आता त्यांच्या टेबलाशी येऊन बसला होता, वत्फाच्या बरोबर समोर. वत्फाने पेला उचलला, चादरीवर त्याच्या बाजूला जरा पुढे सरकवून ठेवला आणि हात मांडीवर घेतले. पाठ सरळ केली. आजूबाजूला बोलणं चाललं होतं. ती थांबली.

झुहैरला कळलं. तो खुर्चीत खचून बसला. गेऊलालाही कळलं. ती आपला पेला ओठांशी नेत होती, ती मध्येच थांबली.

एवढ्यात एलाद आला, काचेचा पक्षी काखेत धरून. त्याने वत्फाचे हात हातात घेतले, मोडक्या अरबीत आभार मानले, आणि तिचा भरलेला पेला बघून हसला.

"हाज्जा, तुम्हीपण माझ्यासारख्या? मी कॉफीला शिवत नाही. पोटात फोड आहे, लहानपणापासून. त्या दिवशी तुमच्याकडे एक घोट घेतला तर रात्रभर तळमळलो. पण तुमचं मन मोडवेना."

तो पुढच्या टेबलाकडे गेला. चांगला मुलगा होता, हेच वाईट होतं. सौसन त्याच्यामागेच उभी होती, तिला वत्फाने नजरेने जागीच धरलं.

"तुला माहीत होतं? त्याच्या पोटाचं?"

सौसनने मान खाली घातली. "चार वर्षं एकत्र काम करतो, मावशी."

"आणि मी काय समजले तेही तुला माहीत होतं."

"हो," सौसन म्हणाली. "मला तो लेख हवा होता." तिचे डोळे भरून आले, ते वत्फाने पाहिलं आणि सोडून दिलं. ज्याचा काही उपयोग करता येत नाही अशा गोष्टीकडे बघत बसण्यात तिला कधी रस नव्हता. तिने पुन्हा पाठ सरळ केली. तिचा पेला अजून समोर होता, भरलेला. त्या मुलाला रीत माहीत नव्हती. पण हा मोठा माणूस होता, या भागाचा धनी होता, त्याला तरी माहीत असेल.

अध्यक्षाचं लक्ष शेवटी गेलं. त्याला अरबी येत होती, फौजेत शिकलेली. तो पुढे वाकला.

"काय झालं हाज्जा, कॉफी आवडली नाही?"

"मागणं आहे," वत्फा म्हणाली.

"तुम्ही म्हणाल ते," अध्यक्ष हसून म्हणाला, आणि दोन्ही हात छातीशी नेले. "आज तुमचा दिवस आहे. आधी कॉफी प्या."

वत्फाच्या नवऱ्याने म्हटलं असतं तसंच. मागणं न ऐकता. तिच्या कानात क्षणभर दुसरं काही ऐकू येईना. तिने पेल्याकडे हात नेला, तेव्हा टेबलाखालून गेऊलाने तिचं मनगट धरलं.

"नको पिऊस," ती पुटपुटली. "तो काय म्हणाला ते त्यालाच ठाऊक नाही गं."

वत्फाने तिच्याकडे पाहिलं. गेऊला खरं बोलत होती हे तिला कळत होतं. तेवीस वर्षांत गेऊला तिच्याशी एकदाही खोटं बोलली नव्हती. पण माणसाने दिलेला शब्द आपणच खोटा ठरवायचा, आणि तोही मागणं मांडायच्या आधी, हे तिला तिच्या घरात कोणी शिकवलं नव्हतं. आणि दुसरं दारही कुठे होतं. तिने मनगट सोडवलं आणि कॉफी प्यायली. थंड, पाणचट, वेलची नावालाही नाही. तळाचा गाळ दिसेपर्यंत प्यायली, आणि पेला उपडा न घालता नीट खाली ठेवला.

मग सांगितलं. कुंपणाला एक दार हवं. मोठं नको, वाकून जाता येईल एवढं चालेल. किल्ली वाडीकडेच राहू दे. वर्षातून तीन वेळा उघडा. आईची कबर आहे.

अध्यक्षाचं हसू गेलं नाही, फक्त जुनं झालं. तो म्हणाला की विषय फार नाजूक आहे आणि त्याला वैयक्तिकरीत्या तो फार जवळचा वाटतो. कुंपण हा वाडीच्या समितीचा आणि सुरक्षेवाल्यांचा निर्णय, पण अर्ज करा, जरूर करा, मी स्वतः बघतो. सौसन मदत करेल लिहायला. अमराम मोबाइलमधून वर बघेना. मग फोटोसाठी कोणीतरी अध्यक्षाला हाक मारली, त्याने वत्फाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो उठला.

"शब्द दिलात," वत्फा त्याच्या पाठीला म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता, त्यामुळे तो फक्त टेबलाला ऐकू गेला.

गेऊलाने आपला पेला दूर सारला. "त्याच्या जागी मी असते तर दिलं असतं," ती म्हणाली.

"तुझ्या हातात काय आहे? लिफ्टचं बटण."

गेऊला हसली नाही. वेटर पेले उचलत होता, त्याच हॉलमध्ये पुढे कोणाचं तरी लग्न होतं. दोघी उठल्या. दारापाशी गेऊला म्हणाली, नेतान्याचा पत्ता झुहैरकडे देते. वत्फा म्हणाली, दे. दोघींनाही माहीत होतं की वत्फाला तिथे नेणारं कोणी नाही आणि गेऊलाला तिथून आणणारं कोणी नाही.

अर्ज सौसनने लिहिला, सुरेख लिहिला. उत्तर बारा दिवसांत आलं, त्याबद्दल झुहैरला आश्चर्य वाटलं. त्यात लिहिलं होतं की मंडळाच्या नकाशावर त्या जागी कबरस्तानाची नोंद नाही, त्यामुळे प्रवेशाचा प्रश्न उद्भवत नाही. खाली अध्यक्षाची सही होती आणि सहीवर हाताने अरबीत लिहिलेलं होतं, तुमची आठवण नेहमी राहील.

मेलेल्यांच्या गुरुवारी वत्फा पहाटेच उठली. अंडी आदल्या दिवशी दुकानातून आणली होती, बारा. कांद्याच्या सालींत तिने ती उकळली, नेहमीपेक्षा जास्त वेळ, पण दुकानातल्या अंड्यावर तारखेचा लाल शिक्का असतो, तो काही रंगाखाली दबेना. गेऊलाच्या अंड्यांवर शिक्के नसायचे. कधी पिसं चिकटलेली असायची. तिने शिक्क्यासकट अंडी टोपलीत ठेवली, मीठ पुरचुंडीत बांधलं आणि झुहैरला गाडी काढायला सांगितली.

कुंपणापाशी पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. शेड पाडून झालं होतं. जाळी, मग माणूसभर मोकळी जागा, मग आणखी जाळी, आणि पलीकडे विटांचे ढीग आणि एक पिवळं यंत्र, त्याचं तोंड जमिनीत रोवलेलं. बदामाचं झाड दिसलं नाही. दगड ढिगाच्या या बाजूला असतील की त्या बाजूला, ते तिला ठरवता येईना. तिने एक दिशा धरली आणि तिकडे तळवे उघडून फातिहा म्हटली. मध्येच तिला वाटलं दिशा चुकली, पण सुरू केलेली प्रार्थना फिरवत नाहीत.

मग ती आजूबाजूला बघत राहिली. हातावर अंडं ठेवायला कोणी नव्हतं. यंत्रावरचा माणूससुद्धा अजून आला नव्हता.

झुहैर म्हणाला, "चल आई, घरी नेऊ. मुलं खातील."

"मेलेल्यांच्या नावाचं परत घरी न्यायचं नसतं." ती गाडीच्या पायरीवर बसली आणि पहिलं अंडं गाडीच्या पत्र्यावर आपटून सोलायला लागली. "खा."

"भूक नाही गं."

"मी भूक विचारली नाही."

झुहैरने मीठ लावून खाल्लं, कुंपणाकडे तोंड करून, उभ्यानेच. तिने दुसरं सोललं. तेही त्याने खाल्लं. पाचव्या अंड्याला तो थांबला, डोळ्यांत पाणी आलं होतं, घशात बलक अडकल्यामुळे असेल. वत्फाने त्याला पाणी दिलं. मग तिने सहावं सोललं आणि स्वतः खाऊ लागली, सावकाश, एकेक घास चावून. तांबूस टरफलं पायाशी पडत होती. टोपलीत अजून सहा होती.